चौऱ्याऐंशी नळ्यांचे चिंतलवार

चिंतलवार मास्तरांना काहीही सांगून "समजलं का?" असं विचारलं, की ते म्हणत, "समजलं का नाई ते मंग पाहू. ऐकू आलं." ऐकू येणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक माणसं पहिली न करताच दुसरी केल्याचा आव आणतात, असं त्यांचं पक्कं मत होतं. हेडमास्तरांच्या बैठकीत ते डोळे मिटून बसत. हेडमास्तरांना वाटे, झोपले. पण उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर टकटक करत असत. मी एकदा विचारलं, हे काय चालवलंय? तर म्हणाले, "फौजेतली सवय आहे, बोरकरभाऊ. कोनी बोललं का बोटं तारेनं पाठवून राह्यतात. पन अर्धा घंटा झाला, यायच्या भाषणात अजून पाठवासारखा शब्द नाई आला."

नागभीडच्या शाळेत मी गणित शिकवत होतो आणि ते इंग्रजी. दोघांच्या वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्टा होता. त्यामुळे पाच वर्षं मी त्यांचा प्रत्येक तास ऐकला आहे, तोही माझा स्वतःचा तास घेत असताना. त्यांच्याबद्दल लिहायचा अधिकार मला दुसऱ्या कशानं नाही, तरी या तट्ट्यानं नक्कीच मिळालेला आहे.

गोष्ट पन्नासनंतरच्या वर्षांतली. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली हा त्यातलाच एक तालुका होता. चिंतलवार सिरोंच्याकडचे. घरी तेलुगू, गावात तेलुगू, शाळेत मराठी. मॅट्रिक झाले आणि लढाईच्या दिवसांत फौजेत बिनतारी संदेशाच्या खात्यात गेले. पाच वर्षं कानाला हेडफोन लावून बसले. तिथून परत आले ते इंग्रजी घेऊनच. शाळेला इंग्रजीचा मास्तर मिळत नव्हता, म्हणून कमिटीनं त्यांना तात्पुरतं घेतलं. डिग्री नाही, ट्रेनिंग नाही. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, की इन्स्पेक्टर साहेब येतील, वर्ग पाहतील, त्यांनी मान्यता लिहिली तर राहाल, नाही लिहिली तर आमचा इलाज नाही. चिंतलवार म्हणाले, "लिहितील. काऊन नाई लिहिनार?"

हे "काऊन नाई", म्हणजे "का नाही", त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येई. पावसात कौलारू छपरावर चढून कवेलू फेरायचे असोत की हेडमास्तरांकडे रजा मागायची असो, काऊन नाई होनार? एखाद्या माणसाचा आत्मविश्वास इतका असतो की शेजारच्याचा कमी व्हायला लागतो. माझा झाला होता.

त्यांना पोरांना बोलतं करायचं होतं. वाचणं, लिहिणं, व्याकरण हे सगळं आमची पोरं बरं करत. इथली पोरं मॅट्रिकच्या लेखी पेपरात चांगले मार्क घेत, मग रेल्वेत, बल्लारपूरच्या कागदाच्या मिलमध्ये, जंगल खात्यात नोकरीसाठी जात. तिथे टेबलापलीकडचा साहेब इंग्रजीत नाव विचारी आणि पोरगं खाली मान घालून उभं राही. दरवर्षी सातआठ जण असे परत येत आणि बापाबरोबर धानाच्या बांधीत उतरत. आम्ही सगळे मास्तर हळहळत होतो. एवढंच करत होतो.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले.

"बोरकरभाऊ, चाळीस मिनिटं भागिले चौऱ्याऐंशी किती होते?"

"अठ्ठावीस सेकंद. वर थोडं."

"म्हंजे मी तोंडात मूग धरून बसलो, तं एका पोराच्या वाट्याले अठ्ठावीस सेकंद येते. अन् मी बोललो तं?"

"तं काईच नाई येत," मी म्हणालो.

"फौजेत दोनशे मानसं एका खोलीत बसत. दोनशेच्या कानाले यंत्र. समदे एकाच वेळेस शिकत, अन् एकाचा दुसऱ्याले त्रास नाई. तसं करू."

शाळेत वीज नव्हती. गावातच नव्हती. मी तसं म्हटलं. त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते मी पुन्हा लिहीत नाही.

गावच्या मालगुजाराकडे चावीचा एक ग्रामोफोन धूळ खात पडला होता, तो त्यांनी मागून आणला. तबकड्या त्यांच्याच पेटीत होत्या. फौजेतला कोणी साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेलेला, इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या आठ तबकड्या. त्यांत एक साहेब टोपी विकत घेतो, चहा पितो, गाडी चुकवतो, पुन्हा चहा पितो. चौथ्या तबकडीवर एक चरा होता. तिथे सुई उडे आणि साहेबाला उचकी लागे. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की चौऱ्याऐंशी पोरंही त्याच जागी उचकी देऊन पुढे जातात. मी हे चिंतलवारांना सांगितलं, तर ते खुश झाले. म्हणाले, "म्हंजे कान चांगले झाले त्यायचे."

पहिला प्रयोग भयंकर होता. त्यांनी ग्रामोफोनचा कर्णा काढला, त्या जागी एक लांब बांबू बसवला, आतल्या गाठी तापल्या सळईनं फोडल्या आणि त्या बांबूला बाकाबाकाला फाटे फोडले. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक पोरगं कान लावून बसलेलं. वर्गात शिरलं तर वाटे, पोरांना कोणी मांडवाला बांधून ठेवलं आहे. पहिल्या दोन बाकांना साहेब ऐकू आला. तिसऱ्याला वारा ऐकू आला. त्यापुढच्यांना काहीच नाही, म्हणून मागच्या बाकावरच्या एकानं कंटाळून नळीत तोंड घातलं आणि पुढच्या मित्राला विचारलं, "अबे, डब्यात काय आनलं?" पहिल्या बाकावरची पोरं ताडकन उठली. त्यांना वाटलं, टोपीवाल्या साहेबानं विचारलं.

वर्ग हसून लोळला. मी तट्ट्याच्या फटीतून बघत होतो. म्हटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. चिंतलवार हसले नाहीत. ते मागच्या बाकाकडे गेले, त्या पोराला म्हणाले, "पुन्हा बोल." पोरगं घाबरलं. "अरे बोल, मारत नाई तुले." ते बोललं. चिंतलवार कान लावून ऐकत राहिले. संध्याकाळी घरी जाताना मला म्हणाले, "मी उलटंच करून राह्यलो होतो, भाऊ. नळी ऐकाले पाहिजेच नाई. ग्रामोफोन समद्यायले तसाच ऐकू जाते. नळी पाहिजे बोलाले."

मग विळ्याच्या आकाराच्या नळ्या आल्या. बांबूचे तीन तुकडे तिरपे कापायचे, लाखेनं सांधायचे. एक टोक तोंडाशी, दुसरं स्वतःच्याच कानाशी. पोरानं नुसतं कुजबुजलं तरी त्याचं त्याला स्वच्छ ऐकू येई आणि शेजारच्याला काही नाही. साहेब तबकडीवर एक वाक्य बोले, चिंतलवार सुई उचलत, आणि चौऱ्याऐंशी जण एकाच वेळी आपापल्या कानात ते वाक्य बोलत. अठ्ठावीस सेकंदांचा हिशेब तिथे संपला. आता प्रत्येकाला पुरा तास होता.

नळ्या केल्या बुरूड मोहल्ल्यातल्या गिरजाबाईंनी. टोपल्या, सुपं, डाले विणणारी बाई. तिनं बांबू हातात घेऊनच विचारलं, "गुरजी, हा कवा तोडला?" चिंतलवारांना घाई होती. त्यांनी जंगलातून आणवला होता, मिळाला तेव्हा. बाई म्हणाली, "पुनवेच्या आंगचा आहे. अंधाऱ्या पाखातला आना. याले भुंगा लागन." आमच्याकडे बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात, चांदण्यातल्या बांबूत रस असतो आणि तो किडीला गोड लागतो, हे शेंबडं पोरगंही जाणतं. पण फौजेत पाच वर्षं घालवून आलेल्या माणसाला चंद्र बघून काम करणं पटेना. म्हणाले, "बाई, तुम्ही करा. काई नाई होत."

महिनाभरात झालं. एका सकाळी शाळेच्या ओसरीवर एक बाप पोराचा हात धरून उभा. "कोन होय तो इंग्रजीचा मास्तर? माह्या पोराच्या कानातून पीठ निघून राह्यलं जी." खरंच निघत होतं. बारीक, पिवळं, भुंग्यानं पोखरलेल्या बांबूचं पीठ. मग दुसरा आला, तिसरा आला. डॉक्टरांनी तीन दिवस कान धुतले. हेडमास्तरांनी ग्रामोफोन कपाटात बंद केला.

त्या दिवशी चिंतलवार पहिल्यांदा "काऊन नाई" म्हणाले नाहीत. ते सरळ बुरूड मोहल्ल्यात गेले आणि गिरजाबाईंच्या अंगणात जमिनीवर बसले. मी बरोबर होतो, कारण मला हे बघायचंच होतं. म्हणाले, "बाई, तुमी सांगतलं ते ऐकू आलं होतं. समजलं नाई." बाईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "अवसेले तोडा. बोडीत गाडून ठेवा तीन आठवडे. मंग धूर द्या. मंग माह्याकडे आना." त्यांनी अक्षरशः तसंच केलं. गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, चिखलात इंग्रजी शिकवायचं साहित्य तीन आठवडे पुरून ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतरच्या नळ्यांना कधीही कीड लागली नाही. हे पाहून हेडमास्तरांनी ग्रामोफोनही कपाटातून बाहेर काढू दिला.

आणि वर्ग असा काही रंगला की मला तट्ट्याचा राग येईनासा झाला. पलीकडून नुसती गुणगुण यायची, मोहाला फुलं आली की झाडाखाली माश्यांची येते तशी. चिंतलवारांनी स्वतःसाठी एक लांब नळी केली होती. ती घेऊन ते बाकांमधून फिरत, एका पोराच्या नळीला ती टेकवत, तीन सेकंद ऐकत, कानाशी दोन शब्द सांगत आणि पुढे जात. बाकीच्यांना पत्ताही लागत नसे. एका तासात सगळे चौऱ्याऐंशी ऐकून होत. कोणाची जीभ कुठे अडते हे त्यांना पोराच्या नावासकट पाठ होतं. ओरडणं नाही, छडी नाही. शाळेत आवाज न चढवणारा तेवढा एकच मास्तर होता, आणि खरं सांगायचं तर आम्हा बाकीच्यांना त्याचा थोडा रागच होता.

पाच वर्षं नुसते येणार येणार म्हणत असलेले इन्स्पेक्टर साहेब त्या फेब्रुवारीत अखेर आले. छोट्या लाईनच्या गाडीनं, कोळशाच्या कणांनी डोळे लाल झालेले. माझ्या वर्गात पाच मिनिटं बसले, संस्कृतच्या वर्गात झोपले, आणि मग चिंतलवारांच्या वर्गात गेले. मागून हेडमास्तर, त्यांच्या मागून आम्ही दोघंतिघं.

चौऱ्याऐंशी पोरांनी विळे कानाला लावले. ग्रामोफोन सुरू झाला. मग इन्स्पेक्टर साहेबांनी चिंतलवारांची लांब नळी घेऊन प्रत्येक बाकाशी वाकून स्वतः ऐकलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. नागपूरच्या शाळांतही असे उच्चार ऐकले नाहीत, असं ते हेडमास्तरांना म्हणाले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. काम झालं होतं.

तेवढ्यात चिंतलवार म्हणाले, "साहेब, थांबा. नळ्या खाली ठेवाले सांगतो. आता तुमी सोता विचारा."

मला त्या क्षणी तट्टा उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. कोणी सांगितलं होतं? पण त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. पोरं बोलतात, तर माणसाशीही बोलतीलच. काऊन नाई बोलनार?

साहेबांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. जनी मडावी. जंगलातल्या गावची, मामाकडे राहून शिकणारी. घरची बोली गोंडी. वर्गात तिच्याइतकी साफ नळी कोणाची नव्हती, असं चिंतलवारच सांगत. साहेबांनी इंग्रजीत, अगदी मायेनं विचारलं, तुझं गाव कुठलं?

जनी उभी राहिली. तिनं साहेबांकडे पाहिलं, मग बाकावरच्या नळीकडे पाहिलं, मग पायाकडे. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला विचारलं. मागच्या बाकावरचा तो डब्याची चौकशी करणारा बहाद्दरसुद्धा गप्प.

साहेबांनी टोपण पेनावर लावलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मास्तर, तुमची मुलं इंग्रजी बोलतात. पण कोणाशी बोलतात? तीन महिने देतो. मे महिन्यात परीक्षेच्या कामासाठी येणार आहे, तेव्हा पाहीन. तेव्हाही हेच असेल, तर मी मान्यता लिहू शकणार नाही." आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेला.

हेडमास्तर चिंतलवारांना काय काय बोलले ते लिहिण्यात अर्थ नाही. मीही बोललो. शाळा सुटल्यावर आम्ही धानाच्या बांधावरून चाललो होतो. मी म्हटलं, "तुमाले कोनी सांगतलं होतं नळ्या ठेवाले? सही होऊन राह्यली होती."

त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ पायानं खाली लोटलं. मग म्हणाले, "भाऊ, मले वाटलं नाई ते मुके होतीन. खोटी सही घ्याची नव्हती, असं मोठेपन नाई सांगत. मले खरंच वाटलं नाई." आणखी थोडं चालल्यावर थांबले. "पन मले वाटाले पाहिजे होतं. फौजेत पाच वर्षं माह्या कानात साहेब लोक बोलत. मी ऐकून लिहून घेत होतो. कागद पुढे जाये. पाच वर्षांत मले एकानंही इंग्रजीत काई विचारलं नाई. चहा पेतला का, एवढंही नाई. रात-दिवस मी तेच मनातल्या मनात बोलून पाहे. एकटाच. माही इंग्रजी तशीच आहे, अन् तीच मी त्यायले देल्ली."

ज्या माणसाच्या खात्रीपुढे मी पाच वर्षं खाली मान घालून वावरलो, त्यानं आजवर कोणाशी समोरासमोर इंग्रजीत धड बोलणं केलेलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल खरी आपुलकी वाटली ती त्या बांधावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्टेशनवर गेले. नागभीड जंक्शन, चांद्याकडची, नागपूरकडची, गोंदियाकडची गाडी इथे बदलायची, त्यामुळे माणसं तासन्‌तास बसलेली. पीटर नावाचा एक अँग्लो-इंडियन गार्ड होता, त्याची इंग्रजी घरचीच. चिंतलवार त्याच्यासमोर गेले, गुड इव्हिनिंग म्हणाले आणि वळून परत आले. मी बाकावर बसून शेंगा खात होतो. म्हटलं, "झालं?" म्हणाले, "आजच्यापुरतं झालं." दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ विचारून आले, जी फळ्यावर लिहिलेली होती. आठवडाभरानं पीटर आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलायला लागला आणि हे उभे राहून ऐकायला लागले. पंधरा दिवसांनी यांनी त्याला कुठलंसं तेल सांगितलं. त्या दिवशी परत येताना चाल अशी होती, की जणू पलटणीसमोर चालले आहेत.

मग वर्गातल्या विळ्यांच्या नळ्या कपाटात गेल्या आणि गिरजाबाईंकडून हातभर लांबीच्या सरळ नळ्या आल्या, बेचाळीसच. एकाचं तोंड, दुसऱ्याचा कान. मग टोकं बदलायची. नियम दोन. उत्तर दिलं की लगेच आपण एक प्रश्न विचारायचा, खरा, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा. आणि प्रश्न विचारल्यावर समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायचं, कितीही वेळ लागो. शब्द पुरवायचा नाही. ग्रामोफोनवरचा साहेब टोपी घेईनासा झाला. त्याच्या जागी पोरं एकमेकांना विचारू लागली, तुझ्या घरी म्हशी किती, तुझा भाऊ शाळा सोडून का गेला, तू वाघ पाहिला का. हळूहळू नळी तोंडाला न लावताच बोलणी सुरू झाली. संध्याकाळी पाच-पाच जणांना घेऊन चिंतलवार स्टेशनवर जात आणि गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींवर सोडत. एका जंगल अधिकाऱ्यानं तर मला विचारलं, या गावातल्या मुलांना माझ्या मुलीच्या लग्नाची एवढी काळजी का?

मी त्याच उन्हाळ्यात बल्लारपूरला मोठ्या शाळेत गेलो. पुढे ऐकत राहिलो. चिंतलवारांना मान्यता दरवर्षी एकेका वर्षाची मिळत गेली, कायम कधीच नाही. त्यांची पोरं रेल्वेत, मिलमध्ये टेबलापलीकडे बसू लागली. वीज आल्यावर शाळेनं टेप रेकॉर्डर घेतला, तो त्यांनी आठ दिवस वापरला आणि कपाटात ठेवला, असंही कोणी सांगितलं. माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. माझ्यापाशी आहेत ते मे महिन्यातल्या त्या दुपारचे चिंतलवार, आणि ते मला पुरेसे आहेत.

इन्स्पेक्टर साहेब ठरल्याप्रमाणे आले. सुट्ट्या लागलेल्या, तरी सगळा वर्ग हजर. नळी एकाच्याही हातात नाही. पुढचा तास माझा होता, पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसणाऱ्यांसाठी जादा गणित, म्हणून मी खडू घेऊन दारात उभा होतो. साहेबांनी मुद्दाम जनीलाच उठवलं आणि तोच प्रश्न विचारला.

जनी उभी राहिली, या वेळी पायाकडे न पाहता. मग तिनं गावाचं नाव सांगितलं. घराच्या मागे जंगल आहे, उन्हाळ्यात आम्ही पहाटे मोह वेचायला जातो, अस्वलंही त्यासाठीच येतात, असं सगळं इंग्रजीत, थांबत थांबत. आणि नियमाप्रमाणे विचारलं, "तुमचं गाव कोणतं? तिथे तुमचं कोण आहे?"

साहेब गोंधळले. इन्स्पेक्टरला कोणी प्रश्न विचारत नसतं. पण त्यांनी उत्तर दिलं. गाव सांगितलं, नदी सांगितली, म्हातारी आई एकटीच आहे हे सांगितलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, मग तिचं जेवण कोण करतं? साहेब दहा मिनिटं त्या चौऱ्याऐंशी पोरांशी आपल्या आईबद्दल बोलत होते. मग त्यांनी वही काढली आणि उभ्या उभ्या मान्यता लिहिली. हेडमास्तरांनी कपाळाचा घाम पुसला.

चिंतलवार खिडकीपाशी हात मागे बांधून उभे होते. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर टकटक करत होती.

साहेबांनी जाता जाता वर्गाला विचारलं, आणखी कोणाला काही विचारायचं आहे? जनी पुन्हा उभी राहिली. पण ती साहेबांकडे वळली नाही. खिडकीकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, तुम्ही पाच वर्षं फौजेत होता. तिथे तुम्ही काय काय ऐकलं?"

चिंतलवारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तो माणूस एवढा अडलेला मी कधी पाहिला नव्हता. वर्गातल्या कोणीही शब्द पुरवला नाही.

मग ते खिडकीपासून निघाले, पुढच्या बाकावर जनीच्या शेजारच्या पोराला थोडं सरकायला सांगितलं आणि तिथे बसले. इंग्रजीत बोलायला लागले. तबकडीवरच्या साहेबासारखं नाही, सिरोंच्याच्या हेलानं, अडखळत, मध्ये मध्ये डोळे पुसत. वाळवंटातला तंबू, रात्रभर येणारे आवाज, एका जहाजाचा मध्येच तुटलेला संदेश, तो पाठवणाऱ्याचं पुढे काय झालं हे आजवर न कळलेलं. पोरं विचारत होती आणि ते सांगत होते. साहेब टोपी काखेत धरून ऐकत होते.

टोला पडला. माझा तास सुरू झाला होता. मी खडू खिशात ठेवला आणि पाय न वाजवता दारातून मागे सरकलो.